जुईच्या अंगातलं पाणी

वजनकाटा हे एक नंबरचं आगाऊ यंत्र आहे. त्याला एकाच प्रश्नाचं उत्तर येतं, पण ते तो इतकं ठासून सांगतो की माणसाला वाटतं, याला आपल्याबद्दल सगळंच ठाऊक आहे. खरं तर स्वतःच्या डोक्यावर किती भार पडला एवढंच त्याला कळतं. वर मुलगी उभी आहे की भोपळ्यांचं पोतं ठेवलंय, याचा त्याला पत्ताही नसतो.

आता हेच बघा. कोकणच्या किनाऱ्यावर, जांभ्या दगडाच्या उघड्याबोडक्या सड्यावर (डोंगरमाथ्यावरच्या सपाट माळावर) नवं चांद्रउड्डाण केंद्र झालं, त्यानंतरची ही गोष्ट. केंद्राच्या मापनकक्षात एका दुपारी दोन मुली एकामागून एक काट्यावर उभ्या राहिल्या. आधी प्रांजल, मग जुई. दोघी अकरा वर्षांच्या, दोघींची उंची सारखी. काट्यावर आकडाही सारखाच आला, छत्तीस किलो. मग दोघी पाळीपाळीने शेजारच्या दुसऱ्या यंत्रावर अनवाणी उभ्या राहिल्या आणि त्याच्या दोन मुठी हातात धरल्या. प्रांजलच्या नावापुढे हिरवा दिवा लागला. जुईच्या नावापुढे लाल लागला.

म्हणजे प्रांजल चंद्रावर जाणार आणि जुई नाही.

"पण आमचं वजन तर सारखंच आहे!" जुई म्हणाली.

समोर उभ्या असलेल्या यंत्रमानवाने मान किंचित वाकवली. त्याचं सरकारी नाव लांबलचक होतं, मुलं त्याला मापाडी म्हणत. (बाजारात धान्य मापून देणारा माणूस म्हणजे मापाडी. हा माणसं मापायचा, एवढाच फरक.)

"वजन सारखं आहे," मापाडी म्हणाला, "ऐवज सारखा नाही. आपलं मेदविरहित वस्तुमान साडेसव्वीस किलो आलं. आपल्या उंचीला किमान सत्तावीस लागतं. अर्धा किलो कमी पडलं. क्षमा असावी."

मेदविरहित वस्तुमान (अंगातली चरबी सोडून बाकी उरतं ते सगळं, म्हणजे स्नायू, हाडं, रक्त, अवयव आणि पाणी) हा शब्द जुईला आता पाठ झाला होता. चंद्रावर ओढ कमी, पृथ्वीच्या एकषष्ठांश. तिथे चालायला, उठायला, ओझं उचलायला अंगाला कष्टच पडत नाहीत, आणि कष्ट पडले नाहीत की स्नायू आळसावतात, झिजतात. परत आल्यावर मात्र पृथ्वी पहिल्यासारखीच खेचते. तेव्हा उभं राहता यावं म्हणून जाण्याआधी गाठीला पुरेसे स्नायू हवेत, असा नियम होता. नियम चांगला होता. जुईला त्या क्षणी तो अजिबात आवडला नाही.

मापाडीसमोर ती रडली नाही. बाहेर येऊन कट्ट्यावर बाबांच्या शेजारी बसली तेव्हा मात्र तिला आवरेना.

जुईची आई चंद्रावर होती. चंद्राच्या दक्षिण टोकाला काही खड्डे इतके खोल आहेत की त्यांच्या तळाशी ऊन कधी पोचलेलंच नाही. तिथल्या मातीत बर्फ मिसळलेला आहे. त्या बर्फाचं पाणी करायचं, हे आईचं काम. दोन वर्षांसाठी म्हणून ती गेली तेव्हा जुई आठ वर्षांची होती. मग पाणी लागलं, काम वाढलं आणि मुदतही वाढली. तिथे काम करणाऱ्यांच्या मुलांना दहा वर्षं पूर्ण झाल्यावर एकदा वीस दिवसांसाठी भेटायला नेत. मुलांचं यान वर्षातून एकदाच सुटे, आणि या वर्षीचं यान सुटायला आठवडाही उरला नव्हता.

आई रोज संध्याकाळी पडद्यावर दिसायची. पण बोलणं चंद्रापर्यंत पोचायला सव्वा सेकंद आणि उत्तर परत यायला सव्वा सेकंद. जुईने विनोद सांगितला की आई थोडी थांबून हसायची. पहिल्यांदा जुईला वाटलं होतं की आईला विनोद आवडला नाही. नंतर तिला कारण कळलं, सवयही झाली, पण ती मधली फट काही तिला आवडली नाही. आईचा हात धरायचा होता तिला, आईच्या मानेजवळ नाक खुपसायचं होतं. पडद्याला वास नसतो.

बाबा तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. तेवढ्यात मापनकक्षाचं दार उघडलं आणि डॉक्टर रेहाना इनामदार बाहेर आल्या. माणसाच्या अंगात काय काय आणि किती किती आहे हे मोजण्यात त्यांनी उभी हयात घालवली होती. मापाडीला शिकवलं होतं तेही त्यांनीच. त्यांच्या कपाळावर आठी होती.

"जुई, दोरीच्या उड्या सोडल्यास का मध्ये?"

"नाही. रोज मारते. बाबांना विचारा."

"रोज मारते," बाबा म्हणाले. "खालचे शेजारी वैतागलेत."

"तेच मला कळत नाहीये. गेल्या महिन्यात कोल्हापूरला मोजलं तेव्हा हिचं मेदविरहित वस्तुमान साडेसत्तावीस होतं. एका महिन्यात एक किलो स्नायू कुठे गेले? चांगली खातीपिती, उड्या मारणारी मुलगी, आजारपण नाही. असं होत नाही." त्या जुईसमोर उकिडव्या बसल्या. "तोंड उघड बघू. जीभ दाखव."

जुईने जीभ दाखवली. डॉक्टरांनी तिच्या ओठांवरून बोट फिरवलं.

"ओठ किती सुकलेत गं. तुझा रोजा आहे का?"

जुई दचकली. "रोजा नाही. संकष्टी."

"हां, आज चतुर्थी नाही का! पण संकष्टीला पाणी चालतं की. आमच्या शेजारच्या कुलकर्णीबाई तर दोनदा चहा घेतात, वर साबुदाण्याची खिचडी."

"चालतं हो," बाबा म्हणाले. "मीही धरतो ना. मी तर म्हटलं, आज मोजणी आहे, आज नको धरूस. ऐकेल तर शपथ. पण पाणी पिते ती. सकाळीच बाटली भरून दिलीय."

डॉक्टरांनी बाटली उचलून हलवली. ती रिकामी होती. जुई जमिनीकडे बघत होती. मापनकक्षाच्या दारातली जास्वंद मात्र त्या दिवशी चांगली टवटवीत दिसत होती, आणि तिच्या बुडाशी माती ओली होती.

"दर संकष्टीला?" बाबांनी हळूच विचारलं.

जुईने होकारार्थी मान हलवली. बाबा चंद्र उगवेपर्यंत जेवत नाहीत हे ती लहानपणापासून बघत होती. आई गेली त्या वर्षी तिनेही संकष्टी धरायला सुरुवात केली. पण बाबांचा चंद्र वेगळा आणि तिचा वेगळा. तिच्या चंद्रावर आई होती. आई उगवल्याशिवाय पाण्याचा घोटसुद्धा घ्यायचा नाही, असं तिने मनाशी ठरवून टाकलं होतं, आणि कुणाला सांगितलं तर ते मोडेल असं तिला वाटत होतं. या वेळी तर तिने गणपतीला सांगितलं होतं, की मी थेंबसुद्धा पीत नाही, तू फक्त मला आईकडे पोचव.

डॉक्टर तिच्याशेजारी कट्ट्यावर बसल्या. "बाळा, मी रमजानमध्ये रोजे धरते. पहाटेपासून सूर्य मावळेपर्यंत पाणीसुद्धा नाही. पण त्या महिन्यात दिवसा मी स्वतःला या यंत्रावर कधीच मोजत नाही. का, माहितीये?"

जुईला माहीत नव्हतं.

"चल आत. आणि मापाडी, तूही ये. तुझीही शिकवणी आहे आज."

आत गेल्यावर डॉक्टरांनी टेबलावर दोन वाट्या ठेवल्या. एकीत मिठाचं पाणी, दुसरीत खोबरेल तेल. एक छोटी बॅटरी, एक बारका दिवा, दोन तारा. तारांची टोकं मिठाच्या पाण्यात बुडवली आणि दिवा लागला. पुसून खोबरेल तेलात बुडवली. दिवा काही लागला नाही.

"वीज खारट पाण्यातून सहज जाते, तेलातून जात नाही," डॉक्टर म्हणाल्या. "आता तुझ्या अंगात बघ. स्नायूंत भरपूर पाणी असतं, आणि तेही खारट. घाम चाखलायस ना? मेद म्हणजे एक प्रकारचं तेलच. त्यात पाणी जेमतेम. त्या मुठी धरल्यास तेव्हा यंत्राने तुझ्या अंगातून अगदी बारीक वीज सोडली, तुला कळलीही नाही इतकी बारीक. तिला वाटेत किती अडथळा झाला ते मोजलं. याला विद्युतरोध म्हणतात (विजेच्या वाटेत येणारा अडथळा). अडथळा कमी, म्हणजे पाणी जास्त. पाणी जास्त, म्हणजे स्नायू जास्त. आणि अडथळा जास्त असेल तर?"

"पाणी कमी," जुई म्हणाली. "म्हणजे स्नायू कमी." मग ती एकदम थांबली. "पण माझे स्नायू कमी नव्हते! मी पाणीच प्यायले नव्हते!"

"शाबास. यंत्राला स्नायू दिसतच नाहीत. त्याला पाणी दिसतं, आणि त्यावरून ते स्नायूंचा अंदाज बांधतं. अंगातलं पाणी आटलं, की ते म्हणतं, हिचे स्नायू आटले. उरलेलं वजन मग मेदाच्या खात्यावर टाकून मोकळं होतं."

"मला प्रश्नच तसे दिले होते," मापाडी म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता, पण थोडी कुरकुर होती. "आजारी आहात का, औषध चालू आहे का, अंगावर धातूचं काही आहे का. उपास आहे का, असा प्रश्न माझ्याकडे नाही."

"नाहीच. चूक माझी. घाल तो यादीत, सगळ्यात वर." मग डॉक्टर जुईकडे वळल्या. "आणि एक. आकड्यात मेद जास्त दिसला म्हणून तोंड पाडून बसू नकोस. मेद काही चोर नाही. तो अंगातला साठा आहे, थंडीत उपयोगी, आजारात उपयोगी. तू वाढतेयस, तुला तो लागतो. आपल्याला फक्त खरा हिशेब हवाय."

"मग परत मोजा ना! मी आत्ता पाणी पिते..." असं म्हणता म्हणता जुईचा चेहरा बदलला. चंद्र उगवायला अजून बराच वेळ होता. "नाही. आत्ता नको."

बाबा काहीतरी बोलणार होते. डॉक्टरांनी त्यांना हाताने थांबवलं आणि त्या म्हणाल्या, "आईच्या फोनची वेळ झालीच असेल ना?"

पडद्यावर आई आली. तिच्या केसांना नेहमीसारखी बारीक राखाडी धूळ लागली होती. जुईने तिला सगळं सांगितलं, लाल दिव्याचं, बाटलीचं, जास्वंदीचं. मग जुई ती नावडती फट सरायची वाट बघू लागली.

"जुई," आई म्हणाली, "मी इथे रोज काय करते, सांग बघू."

"पाणी काढतेस."

"एक तांब्या पाणी काढायला आम्ही ढिगारेच्या ढिगारे माती तापवतो. वाफ धरतो, गार करतो, गाळतो. एक थेंब सांडला तर आमच्यात भांडणं होतात. आणि तू भरलेली बाटली झाडाला ओतून येतेस?"

"तू दिसल्याशिवाय घोट उतरत नाही गं," जुई म्हणाली.

सव्वा सेकंद गेला. आणखी सव्वा गेला. आई तरीही बोलली नाही. चंद्रावर अश्रू घाईने ओघळत नाहीत. आईच्या गालावरचा थेंब इतका सावकाश खाली आला की जुईला तो नीट बघता आला, आणि तिला फार वाईट वाटलं.

"दिवसासुद्धा चंद्र असतो की कितीदा," शेवटी आई म्हणाली. "उजेडात फिका पडतो म्हणून तुला दिसत नाही इतकंच. मी दिसत नाही तेव्हा काय कुठे गेलेली असते? इथेच असते, माती तापवत. चल, पाणी आण. माझ्यासमोर पी. मला बघू दे."

बाबांनी फुलपात्र भरून आणलं. जुईने ते दोन्ही हातांनी धरलं आणि ती प्यायली, सगळं, शेवटच्या थेंबापर्यंत. तिला आधी कळलंच नव्हतं की आपल्याला इतकी तहान लागलीये.

"अजून एक," आई म्हणाली.

आता प्रश्न उरला मोजणीचा. गेल्या महिन्याचा आकडा एक सांगत होता, आजचा दुसरा. नियमाप्रमाणे केंद्रावरचा आकडा धरायचा. "दोन आकडे भांडत असतील तर तिसरा चांगला साक्षीदार हवा," डॉक्टर म्हणाल्या. "जुईने दोन दिवस पोटभर खायचं, तहान लागेल तेव्हा प्यायचं. मग आपण तिच्या अंगातलं पाणी थेट मोजू. पण आधीच सांगते, सत्तावीसच्या खाली आलं तर मी ते वर ढकलणार नाही. तुझी आई माझी मैत्रीण असली तरी नाही."

ते दोन दिवस जुईने कसे काढले, ते तिचं तिलाच ठाऊक. प्रांजल सामान भरत होती, कुठला खाऊ न्यायचा, कुठला नाही, हे विचारायला सारखी यायची. जुई तिला मदत करायची आणि मग खिडकीत जाऊन उभी राहायची. समुद्र तिथून स्वच्छ दिसायचा. ती समुद्राकडे बघत नव्हती.

तिसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टरांनी तिला एका छोट्या पेल्यात पाणी दिलं. "हे जड पाणी आहे (साध्या पाण्यासारखंच, फक्त त्यातले हायड्रोजनचे अणू थोडे वजनदार). चव तीच. इतकं थोडं प्यायलं तर काही अपाय नाही, दोन-तीन आठवड्यांत निघूनही जातं."

जुई प्यायली. खरंच पाण्यासारखं पाणी होतं.

"आता काय?"

"आता थांबायचं. ते तुझ्या अंगातल्या सगळ्या पाण्यात मिसळायला काही तास लागतील." डॉक्टर तिला उपाहारगृहात घेऊन गेल्या. तिथे त्यांनी एका पातेल्यात थोडं पाणी घेतलं, दुसऱ्या मोठ्या पातेल्यात बरंच. दोन्हींत एकेक पळी कोकमाचं आगळ घातलं आणि ढवळलं. लहान पातेलं लालभडक झालं, मोठं नुसतंच गुलाबी.

"समज, मोठ्या पातेल्यात किती पाणी आहे ते मला माहीत नाही आणि ते ओतून मोजायची सोय नाही. पण मी आगळ किती घातलं ते ठाऊक आहे, आणि रंग किती फिका झाला तेही दिसतंय."

"जितका फिका, तितकं पाणी जास्त," जुई म्हणाली. "म्हणजे ते जड पाणी माझ्यातलं कोकम?"

"अगदी. तुझ्या थुंकीत ते किती फिकं झालंय ते मापाडी मोजेल. पण पाणी कळलं म्हणजे काम झालं नाही हं. त्यावरून मेदविरहित वस्तुमान काढायचं, आणि इथे लहान आणि मोठी माणसं वेगळी. मोठ्या माणसाचं मेद सोडून उरलेलं अंग घे. त्याच्या शंभर भागांत साधारण त्र्याहत्तर भाग पाणी. तुझ्या वयाच्या मुलीत शहात्तरच्या आसपास. तान्ह्या बाळात त्याहूनही जास्त."

"असं का?"

"तुमची हाडं अजून भरतायत, स्नायू घट्ट होतायत. मूल म्हणजे छोटं केलेलं मोठं माणूस नव्हे. त्याचा ऐवजच वेगळा. म्हणून मुलांना मोठ्यांचं गणित लावायचं नाही."

मग सगळेच थांबले. बाबांनी वर्तमानपत्राचं एकच पान तीनदा वाचलं. दुपारी जुईने कापसाचा बोळा चघळून दिला. मापाडीने तो नळीत पिळला, नळी यंत्रात ठेवली. डॉक्टरांना कुणाचा तरी फोन आला म्हणून त्या दारापाशी जाऊन बोलू लागल्या. आणि पडद्यावर आकडे उमटले.

शरीरातील पाणी एकवीस किलो. मेदविरहित वस्तुमान अठ्ठावीस पूर्णांक आठ दशांश. खाली हिरवा दिवा.

"जुई!" बाबांनी तिला मिठीच मारली. "अठ्ठावीस! अगं, सत्तावीस हवं होतं, अठ्ठावीस आलं!"

जुईला वाटलं आपण इथेच तरंगायला लागणार. आईकडे. खरंच आईकडे. बाबांच्या खांद्यावरून तिने पुन्हा एकदा पडद्याकडे बघितलं, तो हिरवा दिवा डोळ्यांत भरून घ्यायला. आणि तिला वरच्या कोपऱ्यात एक बारीक शब्द दिसला. प्रौढ.

आदल्या दिवशी याच यंत्रावर यानाचे चालक मोजले गेले होते. मापाडीने मांडणी बदललीच नव्हती. त्याला तसं कुणी सांगितलं नव्हतं.

डॉक्टर अजून फोनवर होत्या. बाबा डोळे पुसत होते. कुणाचंच तिकडे लक्ष नव्हतं. जुईने मनातल्या मनात मांडून बघितलं, एकवीसला शहात्तरने भागून शंभरने गुणायचं. घाईत जमेना. सत्तावीसच्या वर येईल? की खाली? तिला आईकडे जायचंच होतं. गप्प बसलं तर झालं. एक शब्द गिळायचा, बस्स. पण तिला आता गणित कळत होतं, आणि कळलेलं न कळल्यासारखं करणं तिला जमेना. उद्या परत आल्यावर पायांनी साथ दिली नाही, तर आई तिथे चंद्रावर बसून स्वतःला दोष देत राहील, हेही तिला दिसत होतं.

"डॉक्टरमावशी," ती म्हणाली. डॉक्टरांना ऐकू गेलं नाही म्हणून तिने पुन्हा हाक मारली. "डॉक्टरमावशी, हे मोठ्यांचं गणित आहे. माझं नाही."

डॉक्टरांनी फोन खाली ठेवला. पडद्याकडे बघितलं, जुईकडे बघितलं. बाबांचा हात जुईच्या खांद्यावर घट्ट झाला.

"मापाडी," डॉक्टर शांतपणे म्हणाल्या, "बालक. वय अकरा. मुलगी. पुन्हा कर."

पडदा क्षणभर कोरा झाला. जुईने डोळे मिटून घेतले.

"सत्तावीस पूर्णांक सहा दशांश," मापाडी म्हणाला. मग, त्याला कुणी विचारलं नव्हतं तरी, पुढे म्हणाला, "किमान सत्तावीस. आपण जाऊ शकता. आणि आभारी आहे. हा प्रश्नही मी आता स्वतःला विचारीन, समोर मूल आहे की मोठं माणूस."

जुईने डोळे उघडले तेव्हा डॉक्टर चष्मा पुसत होत्या, आणि त्यांचा चष्मा अगदी स्वच्छ होता.

"तुझा आकडा मी ठेवून घेते," त्या म्हणाल्या. "आपल्याकडच्या मुलांचे असे खरे आकडे अजून कमी आहेत. पुढच्या वर्षी जी मुलं येतील त्यांची मोजणी त्यामुळे जास्त अचूक होईल. पुढे कधीतरी मंगळावर जाणारी मुलं येतील, त्यांनाही उपयोग होईल."

यान सुटलं. चंद्र खिडकीत वाढत वाढत खिडकीत मावेनासा झाला. उतरल्यावर मुलांना एका लांब बोळातून नेलं आणि तिथेही आधी मोजणीच होती. जुई काट्यावर उभी राहिली. आकडा आला सहा.

"सहाच? माझे बाकीचे तीस किलो कुठे गेले?"

"इथे ओढच कमी आहे ना," काट्याजवळचा माणूस हसून म्हणाला. "काट्यावर भार कमी पडतो, म्हणून तो सहा म्हणतो. तू आहेस तेवढीच आहेस. स्नायू, हाडं, पाणी, सगळं जागच्या जागी."

"आगाऊ आहे तुमचा काटा," जुई म्हणाली, आणि तिने वर बघितलं.

बोळाच्या टोकाला एक पिवळी रेघ होती आणि रेघेच्या पलीकडे आई उभी होती. जुई पळायला गेली ती उडालीच. तिरकी, हातपाय झाडत, कशीबशी. आईने रेघ ओलांडली, तिला हवेतच धरलं आणि उचलून कडेवर घेतलं. अकरा वर्षांची, लांब पायांची मुलगी, पण तीन-चार महिन्यांच्या बाळाइतका तिचा भार. जुईने आईच्या मानेजवळ नाक खुपसलं. धुळीचा जळकट वास होता, आणि त्याखाली आईचा.

"मॅडम," मागून तो माणूस म्हणाला, "तिला खाली ठेवा आता. इथे चालायची सवय व्हायला हवी तिला."

"होईल सवय," आई म्हणाली. "आधी मला तिची होऊ दे."